सोनोग्राफीत गाठ, सीटीत काहीच नाही: सिरोसिसमधला लिव्हर कॅन्सर नेमका ओळखायचा कसा?

नाशिकरोड_फिजिशियन

पोटाच्या इमेजिंगमध्ये रोज काम करणाऱ्यांचं मत हवंय.

पेशंट ५८ वर्षांचे, निफाड तालुक्यातले. दारूमुळे झालेला सिरोसिस, दारू आता पूर्ण बंद. चाइल्ड ए (यकृताचं काम अजून बऱ्यापैकी शाबूत), जलोदर नाही, बिलिरुबिन १.४, प्लेटलेट ९२ हजार, क्रिएटिनिन १.१. हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होते. यंदा सेगमेंट ६ मध्ये १८ मिमीची हायपोएकोइक (काळसर दिसणारी) गाठ दिसली, मागच्या वेळी ती नव्हती. एएफपी (लिव्हर कॅन्सरसाठी बघितली जाणारी रक्ततपासणी) १४ नॅनोग्रॅम.

लगेच सीईसीटी ॲब्डोमेन (कॉन्ट्रास्ट देऊन पोटाचा सीटी) करून घेतला. रिपोर्टमध्ये सिरोसिस, प्लीहा वाढलेली, फोकल लीजन (वेगळी गाठ) नाही. फिल्मवर एक प्लेन आणि एक कॉन्ट्रास्टनंतरची, अशा दोनच सिरीज आहेत. घरच्यांचं म्हणणं, एवढ्या मोठ्या तपासणीत काही निघालं नाही म्हणजे विषय संपला. मला तसं वाटत नाही.

तर विचारायचं असं, की सोनोग्राफी खरी धरायची की सीटी? पुन्हा स्कॅन करायचा तर फॉर्मवर काय लिहू? आणि बायोप्सी न करता केवळ स्कॅनवर एचसीसी (यकृतपेशींचा कॅन्सर) म्हणता येतं ते नेमकं कधी? आमचे एक सर्जन मित्र थेट पेट-सीटी करा म्हणतात, तेही बरोबर आहे का?


यकृत_प्रतिमा (रेडिओलॉजिस्ट)

सर, तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे. या सीटीने गाठ नाकारलेली नाही, कारण ती दिसावी अशा वेळी स्कॅन घेतलाच गेला नाही.

निरोगी यकृताला साधारण ७५ टक्के रक्त पोर्टल व्हेनमधून (आतड्यांकडून येणारी शिर) येतं आणि २५ टक्के हिपॅटिक आर्टरीतून (यकृताची धमनी). एचसीसी तयार होताना गाठीतल्या पोर्टल वाटा हळूहळू बंद पडतात आणि धमनीच्या नव्या फांद्या फुटतात. म्हणून कॉन्ट्रास्ट दिल्यावर धमनीचं रक्त यकृतात पोचतं त्या थोड्याच सेकंदांत गाठ आजूबाजूपेक्षा उजळ दिसते. पुढे पोर्टल रक्त आलं की बाकीचं यकृत उजळतं आणि गाठ मागे पडते, काळसर होते. उजळपणाकडून काळसरपणाकडे जाताना मध्ये एक टप्पा असा येतो की गाठ आणि यकृत एकाच छटेचे असतात. नेहमीचा सीईसीटी ॲब्डोमेन इंजेक्शननंतर साधारण ७० सेकंदांनी एकदाच घेतला जातो, आणि बऱ्याच लहान एचसीसी नेमक्या तेव्हाच त्या टप्प्यात असतात. अपेंडिक्स, आतडी, लिम्फ नोड यांसाठी ती वेळ चांगली आहे. एचसीसी शोधायला ती एकटी पुरत नाही.

त्यासाठी ट्रायफेजिक, म्हणजे कॉन्ट्रास्टनंतर तीन वेगळ्या वेळी (फेजमध्ये) घेतलेला स्कॅन हवा. फॉर्मवर असं लिहा: "ज्ञात सिरोसिस. सोनोग्राफीत सेगमेंट ६ मध्ये १८ मिमी गाठ, नवीन. एचसीसी आहे का? ट्रायफेजिक लिव्हर सीटी, लेट आर्टेरियल, पोर्टल व्हीनस आणि ३ ते ५ मिनिटांचा डिलेड फेज. लाय-रॅड्स कॅटेगरी द्यावी." सिरोसिस हा शब्द गाळू नका. रेडिओलॉजिस्टला पेशंट हाय-रिस्क आहे हेच कळलं नाही तर तो लाय-रॅड्स लावणार नाही, आणि लावू नयेच.

लाय-रॅड्स ही अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची पद्धत, २०११ पासूनची; गाठ एचसीसी असण्याची शक्यता ती एलआर-१ ते एलआर-५ (एचसीसी जवळपास नक्की) अशा चढत्या पायऱ्यांत सांगते. सीटी-एमआरआयसाठी २०१८ची आवृत्ती सर्रास वापरली जाते. ती फक्त सिरोसिस, जुनाट हिपॅटायटिस बी, किंवा आधी झालेला अथवा आत्ता असलेला एचसीसी, एवढ्यांनाच लागू होते. १८ वर्षांखालच्यांना नाही. बड-कियारीसारख्या रक्तवाहिन्यांच्या आजारातून आलेल्या सिरोसिसला नाही, कारण तिथे निरुपद्रवी गाठीही धमनी फेजमध्ये उजळतात. सिरोसिस नसलेल्या फॅटी लिव्हरमध्येही एचसीसी होतो, पण तिथे चित्र कितीही नमुनेदार असलं तरी निदान बायोप्सीनेच करायचं. एकच चित्र दोन पेशंटमध्ये वेगळा अर्थ सांगतं: हाय-रिस्क पेशंटमध्ये एचसीसीची शक्यता आधीच इतकी जास्त असते की त्या चित्रावर विसंबता येतं, इतरांमध्ये तेवढा आधार नसतो.

आता बायोप्सीशिवाय कधी, ते सांगतो. सगळ्यात आधी रिमसारखी नसलेली, म्हणजे केवळ कडेला गोल कडं न करणारी, धमनी फेजमधली उजळण हवी. ती नसेल तर एलआर-५ होऊच शकत नाही. ती असेल आणि गाठ २० मिमी किंवा मोठी असेल, तर वॉशआउट, कॅप्सूल (नंतरच्या फेजमध्ये गाठीभोवती दिसणारं उजळ आवरण) किंवा सहा महिन्यांत ५० टक्के वाढ, यांपैकी एक मिळालं की एलआर-५. गाठ १० ते १९ मिमीची असेल तर वॉशआउट किंवा ती वाढ हवी. नुसती कॅप्सूल असेल तर एलआर-४, आणि उजळण सोडून काहीच नसेल तर एलआर-३. १० मिमीच्या खाली काहीही दिसलं तरी एलआर-५ नाही. एलआर-५ आलं की एचसीसी असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त असते, म्हणून तिथे सुई न घालता उपचार ठरवता येतात.

वॉशआउट म्हणजे काय यावर रिपोर्टमध्ये फार गोंधळ दिसतो. गाठ पोर्टल किंवा डिलेड फेजमध्ये आजूबाजूच्या यकृतापेक्षा काळी दिसली पाहिजे. धमनी फेजमध्ये होती त्यापेक्षा कमी उजळ झाली, पण यकृताइतकीच आहे, तर तो वॉशआउट नाही. आणि प्लेन स्कॅनमध्येच काळी असलेली, कॉन्ट्रास्टने कधीच न उजळलेली गाठ नंतरही काळी दिसली, तर "वॉशआउट आहे" एवढ्यावर एचसीसी म्हणू नये.

पेट-सीटीबद्दल पोटविकारवाले सांगतीलच, पण पहिली तपासणी म्हणून नको.


सीटी_कन्सोल (टेक्निशियन, मुंबई नाका)

सरांनी फॉर्मचं सांगितलं. फॉर्म बरोबर असूनही ट्रायफेजिक स्कॅन बिघडतो, आणि बिघडतो तो बहुतेक वेळा सुईपाशी. त्याबद्दल थोडं सविस्तर.

कॅन्युला कोपराच्या पुढच्या शिरेत, शक्यतो हिरवी (१८ गेज), निदान गुलाबी (२० गेज). वॉर्डातून हाताच्या पाठीवर निळी (२२ गेज) लावून पेशंट येतो आणि तिच्यावरच भागवलं जातं. तिच्यातून ४ मिली प्रति सेकंद जात नाही. वेग २ वर आणला की कॉन्ट्रास्टचा लोंढा पसरतो, धमनीत एका वेळी पुरेसं आयोडीन राहत नाही आणि गाठ उजळत नाही. मशीनवर सगळं नीट झालेलं दिसतं, रिपोर्टही "नॉर्मल" येतो. सिरोसिसवाल्यांच्या शिरा खराब असतात हे खरं, पण शिर शोधायला पाच मिनिटं जास्त लागली तरी चालतील. हात डोक्यावर घेतल्यावर कॅन्युला वाकत नाही ना, हे २० मिली सलाइन त्याच वेगाने सोडून बघायचं.

मात्रा वजनावर. ३५० स्ट्रेंथचं (मिलीमागे ३५० मिग्रॅ आयोडीन) कॉन्ट्रास्ट असेल तर १.५ मिली प्रति किलो, म्हणजे ६० किलोच्या पेशंटला ९० मिली. ३०० स्ट्रेंथचं असेल तर तेवढंच आयोडीन पोचवायला १०५ मिली लागेल. "सगळ्यांना ८० मिली" ही सवय इथे मोडते. वेग ४ मिली प्रति सेकंद, मागून त्याच वेगाने ४० मिली सलाइन. पेशंट बारीक असेल तर १२० ऐवजी १०० केव्ही ठेवा, आयोडीन जास्त उठून दिसतं.

ठरावीक ३५ सेकंदांवर बटण दाबू नका, बोलस ट्रॅकिंग लावा (कॉन्ट्रास्ट पोचलेलं मशीन स्वतः ओळखतं). हृदय मंद चालत असेल तर कॉन्ट्रास्ट ३५ सेकंदांत यकृतापर्यंत पोचलेलंही नसतं. डायफ्रामच्या पातळीवर महाधमनीत आरओआय (मोजणीचं वर्तुळ), १०० ते १५० एचयूवर (सीटीवरच्या उजळपणाचं एकक) ट्रिगर, त्यानंतर १५ ते २० सेकंद थांबून लेट आर्टेरियल. पोर्टल फेज इंजेक्शन सुरू झाल्यापासून ७० सेकंदांच्या आसपास, डिलेड ३ मिनिटांवर. आरओआय भिंतीवरच्या कॅल्शियमवर पडला तर ट्रिगर आधीच उडतो.

पेशंट टेबलावर असतानाच आर्टेरियल फेज तपासा. पोर्टल व्हेनमध्ये थोडं कॉन्ट्रास्ट आलेलं हवं आणि हिपॅटिक व्हेन (यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा) अजून काळ्या हव्यात. पोर्टल व्हेन अगदी रिकामी असेल तर स्कॅन लवकर झाला, गाठीला भरायला वेळच मिळाला नाही. हिपॅटिक व्हेन भरलेल्या असतील तर उशीर झाला. दोन्हीपैकी काही झालं असेल तर ते रेडिओलॉजिस्टला तिथेच सांगायचं, लपवायचं नाही. रिपोर्टमध्ये "आर्टेरियल फेज अपुरा" हे तीन शब्द आले तर पुढचा डॉक्टर फसत नाही.

श्वास प्रत्येक फेजला सारखाच रोखायला लावा, आधी दोनदा सराव करून घ्या. एका फेजला खोल आणि दुसऱ्याला उथळ रोखला की यकृत एक-दोन सेंटिमीटर सरकतं आणि १५ मिमीची गाठ दोन फेजमध्ये जुळवता येत नाही. तोंडाने पांढरं कॉन्ट्रास्ट देऊ नका, साधं पाणी अर्धा लिटर पुरे.

एक विनंती, सुरगाणा, पेठ, कळवणकडून येणाऱ्यांसाठी. "उपाशी या" एवढंच सांगितलं की माणूस रात्री आठला जेवतो, पहाटेची एसटी धरतो आणि दुपारी दोनला टेबलावर येतो. सिरोसिसमध्ये इतका लांब उपास त्रासदायक असतो. त्यांना सकाळची वेळ द्या आणि रात्री झोपताना काहीतरी खाऊन निघायला सांगा.


सोनो_पंचवटी

सोनोग्राफी खरी की सीटी, याबद्दल. सिरोसिसमध्ये १० मिमी किंवा मोठी नवी गाठ दिसली की पुढे मल्टिफेज सीटी किंवा एमआरआय लागतोच, सोनोग्राफी करणाऱ्याला ती कशीही वाटो. १० मिमीच्या आतली असेल तर ३ ते ६ महिन्यांत पुन्हा सोनोग्राफी.

सोनोग्राफीत गाठ काळी की पांढरी दिसते, यावरून तिचा स्वभाव ठरवू नये. लहान एचसीसी बहुधा काळसर असतो, पण चरबी असलेला एचसीसी पांढराशुभ्र दिसतो आणि त्याला "हिमँजिओमा" (रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ) म्हणून सोडून दिलं जातं. निरोगी यकृतातल्या पांढऱ्या गोल गाठीला तसं म्हणणं ठीक, पण सिरोसिसमध्ये नवी पांढरी गाठ दिसली की तिलाही काळ्या गाठीचाच रस्ता.

रिपोर्टमध्ये यकृत किती दिसलं तेही लिहून मागा. ए म्हणजे जवळपास सगळं दिसलं, बी म्हणजे काही भाग अडला, सी म्हणजे बराचसा दिसलाच नाही. सेगमेंट ७ आणि ८चा घुमटाखालचा भाग फुप्फुसाआड लपतो; पेशंटला डाव्या कुशीवर वळवून, बरगड्यांमधून, श्वास आत घेऊन आणि सोडून, असं दोन्हीकडून पाहिल्याशिवाय "नॉर्मल" लिहू नये. ज्यांचा दर वेळी सी येतो त्यांना सोनोग्राफीवर ठेवून सहा-सहा महिने मोजत बसण्यात अर्थ नाही, त्यांची पाळत सीटी किंवा एमआरआयने करावी.


नाशिकरोड_फिजिशियन

खूप आभार. फॉर्म तसाच लिहून ट्रायफेजिक करून घेतला. सेगमेंट ६ मध्ये १७ मिमी गाठ. आर्टेरियल फेजमध्ये एकसारखी उजळ, रिम नाही. पोर्टलमध्ये यकृताइतकीच. म्हणजे पहिल्या सीटीत का दिसली नाही ते कळलं. डिलेडबद्दल "वॉशआउट शंकास्पद" असं लिहिलंय. कॅप्सूल नाही. शेवटी "एचसीसीची शक्यता, क्लिनिकली कोरिलेट करा". लाय-रॅड्स दिलेलं नाही.

शंकास्पद वॉशआउट धरायचा की नाही? आणि गाठ सहा महिन्यांपूर्वी नव्हतीच, मग ती वाढ म्हणून मोजून एलआर-५ होत नाही का?


यकृत_प्रतिमा

शंका असेल तर ते लक्षण नाही असं धरायचं, पद्धतीतच तसा नियम आहे. दोन कॅटेगरींमध्ये अडलात तर कमी खात्रीची निवडायची. त्यामुळे मुख्य लक्षणांवर ही गाठ एलआर-३.

वाढीचं उत्तर नाही असं आहे. २०१८च्या आवृत्तीत वाढ म्हणजे सहा महिने किंवा त्याहून कमी काळात आकार किमान ५० टक्क्यांनी वाढणं, आणि दोन्ही मापं सीटी किंवा एमआरआयवरची. आधी नसलेली गाठ नव्याने दिसणं यात बसत नाही, आणि सोनोग्राफीचं माप तर नाहीच.

पण इथे एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे, तिच्याकडे बऱ्याचदा दुर्लक्ष होतं. गाठ सोनोग्राफीत स्वतंत्रपणे दिसणं हे कॅन्सरकडे झुकणारं पूरक लक्षण आहे. पूरक लक्षणांनी कॅटेगरी एक पायरी वर नेता येते, फक्त एलआर-४ च्या पलीकडे नाही. सेगमेंट आणि आकार दोन्ही जुळतात, म्हणजे तीच गाठ आहे. म्हणून मी हिला एलआर-४ म्हणेन.

त्याआधी एक खात्री मात्र करा. सिरोसिसमध्ये धमनी आणि पोर्टल व्हेनमध्ये बारीक आडवाटा तयार होतात, त्यांचे ठिपके आर्टेरियल फेजमध्ये उजळतात आणि बाकी सगळ्या फेजमध्ये गायब होतात. ते बहुतेक कडेला, यकृताच्या बाहेरच्या आवरणाला चिकटून, पाचरीच्या आकाराचे असतात, आणि सोनोग्राफीत तिथे काहीच नसतं. तुमची गाठ गोल आहे आणि सोनोग्राफीत दिसलीय, त्यामुळे ती शक्यता कमी. तरी तिन्ही प्रतलांत, म्हणजे कोरोनल आणि सॅजिटलमध्येही, आकार बघून घ्या. आणि खिडकी (पडद्यावर दाखवायच्या छटांचा पट्टा) अरुंद ठेवा, १५० च्या आसपास. नेहमीच्या पोटाच्या ४०० च्या खिडकीत सौम्य वॉशआउट डोळ्याला कळत नाही. तुमच्या रिपोर्टमधला "शंकास्पद" शब्द तिथूनच आलेला असू शकतो.

पुढची पायरी एमआरआय. सीटीत न कळलेला वॉशआउट एमआरआयवर पुष्कळदा स्पष्ट होतो, आणि डिफ्यूजन, टी२ (एमआरआयच्या वेगवेगळ्या सिरीज), गाठीतली चरबी हेही कळतं. कॉन्ट्रास्ट कोणतं हे ठरवून घ्या. प्रश्न वॉशआउटचा आहे, तर साधं बाह्यपेशीय (यकृतपेशींत न शिरणारं) गॅडोलिनियम ०.१ मिलिमोल प्रति किलो बरं, कारण त्यात पोर्टल आणि डिलेड दोन्ही फेज वॉशआउटसाठी वापरता येतात. गॅडोक्सेटेट (०.०२५ मिलिमोल प्रति किलो) वापरलं तर वॉशआउट फक्त पोर्टल फेजमध्ये मोजायचा. नंतर निरोगी पेशी ते औषध शोषून उजळतात, म्हणून गाठ काळी दिसली तरी तो खरा वॉशआउट नसतो. शिवाय गॅडोक्सेटेट दिल्यावर काही पेशंटना ऐन आर्टेरियल फेजमध्ये क्षणभर धाप लागते आणि तोच फेज हलतो. २० मिनिटांच्या हिपॅटोबिलियरी फेजचा (पेशींनी औषध शोषल्यानंतरचा) फायदा मोठा आहे, बारीक-बारीक गाठी त्यातच सापडतात, पण या पेशंटचा प्रश्न वेगळा आहे.


पोटविकार_कॉलेजरोड

वरच्या चर्चेशी बहुतांश सहमत. फक्त एलआर-४ म्हणजे "थांबून बघू" असा अर्थ घरच्यांपर्यंत जाऊ नये. एलआर-४ मधल्या बहुसंख्य गाठी एचसीसीच निघतात. एचसीसी दुप्पट व्हायला साधारण ४ ते ६ महिने लागतात. आज १७ मिमीला ॲब्लेशनने पूर्ण जाळता येणारी गाठ वर्षभर रेंगाळली तर ती संधी हातची जाते. एमआरआय या आठवड्या-दोन आठवड्यांतच व्हावा. एलआर-३ असती तर ३ ते ६ महिन्यांनी पुन्हा मल्टिफेज स्कॅन चाललं असतं.

बायोप्सीबद्दल. एलआर-५ आलं तर नकोच. सुईच्या वाटेवर कॅन्सर पेशी रुजण्याचा धोका साधारण २ ते ३ टक्के आहे, सिरोसिसमध्ये रक्तस्रावाचा वेगळा. त्याहून महत्त्वाचं, १७ मिमीच्या गाठीत सुई चुकू शकते, आणि निगेटिव्ह बायोप्सीने एचसीसी नाकारला जात नाही. "बायोप्सीत काही नाही आलं" म्हणून पेशंट घरी बसतो आणि पुढच्या खेपेला गाठ चार सेंटिमीटरची असते. बायोप्सी तिथे करावी जिथे तिच्या उत्तराने उपचार बदलणार आहे, विशेषतः एलआर-एम मध्ये (कॅन्सर वाटतो, पण एचसीसीच असं नाही). म्हणजे आर्टेरियल फेजमध्ये फक्त कडा उजळते, नंतर मधला भाग हळूहळू भरतो, डिफ्यूजनवर लक्ष्यासारखी वलयं दिसतात. ती कोलँजिओकार्सिनोमाही (पित्तनलिकांचा कॅन्सर) असू शकते, आणि तिची सर्जरी, केमो, प्रत्यारोपणाचा विचार, सगळंच वेगळं.

आपल्याकडे कडा उजळणाऱ्या गाठीत अमीबिक ॲब्सेसही लक्षात ठेवावा. ताप, उजव्या बरगडीखाली बोट दाबल्यावर कळवळून दुखणं, मधला भाग अजिबात न उजळणं. इतिहास न विचारता नुसता स्कॅन वाचला की घोटाळा होतो.

पेट-सीटीचं कारण पेशींच्या रसायनात आहे. एफडीजी (पेटसाठी देतात ते किरणोत्सारी ग्लुकोज) पेशीत शिरल्यावर अडकून राहतं म्हणून कॅन्सर चमकतो. चांगल्या प्रतीच्या एचसीसीत यकृतपेशींसारखंच ग्लुकोज-६-फॉस्फेटेज शिल्लक असतं, ते एफडीजीला पुन्हा बाहेर सोडतं, आणि गाठ आजूबाजूच्या यकृताइतकीच दिसते. जवळपास निम्म्या एचसीसी अशा निसटतात. त्यात पेट-सीटीतला सीटी बऱ्याचदा एकाच फेजचा असतो, म्हणजे तुमच्या पहिल्या स्कॅनचीच पुनरावृत्ती, तीही महागात. पेट यकृताबाहेरचा पसारा बघायला निवडक पेशंटमध्ये उपयोगी. निदान पक्कं झालं की स्टेजिंगसाठी छातीचा सीटी पुरतो, हाडं दुखत असतील तर बोन स्कॅन.

एएफपी १४ बघून निश्चिंत होऊ नका. सुरुवातीच्या एचसीसीत एएफपी सर्रास नॉर्मल असतो. उलट बाजूने मात्र तो उपयोगी आहे: २० च्या वर गेला किंवा दर वेळी चढत राहिला, तर सोनोग्राफी स्वच्छ असली तरी मल्टिफेज स्कॅन करून घ्यावा.


नाशिकरोड_फिजिशियन

एमआरआयची वेळ घेतलीय, बाह्यपेशीय कॉन्ट्रास्टचंच सांगितलंय. जाता जाता एक वेगळा प्रश्न. दुसऱ्या एका सिरोसिसच्या पेशंटच्या पोर्टल व्हेनमध्ये थ्रॉम्बस आहे, यकृतात गाठ सांगितलेली नाही. ही साधी गुठळी की ट्यूमर, कसं ओळखू? आणि असे पेशंट मुंबईला टाटा मेमोरियलला पाठवताना सोबत काय द्यावं?


यकृत_प्रतिमा

थ्रॉम्बस स्वतः कॉन्ट्रास्ट घेतो का, एवढं आधी बघा. आर्टेरियल फेजमध्ये शिरेच्या आत बारीक धाग्यासारख्या धमन्या दिसल्या किंवा आतला भाग उजळला, तर तो ट्यूमर, लाय-रॅड्समध्ये एलआर-टीआयव्ही. साधी गुठळी कुठल्याच फेजमध्ये उजळत नाही. प्लेन आणि आर्टेरियलमधला एचयू एकाच जागी मोजून तुलना करा, नुसत्या नजरेवर सोडू नका. शिर फुगलेली असणं, डिफ्यूजनवर थ्रॉम्बस चमकणं, शेजारीच गाठ असणं, यांनी संशय वाढतो. पण शिर फुगलेली नाही म्हणून ट्यूमर नाही, असं म्हणता येत नाही.

यकृतात गाठ सांगितलेली नाही, यावर थांबू नका. पसरट वाढणारा एचसीसी सिरोसिसच्या खडबडीत यकृतात मिसळून जातो आणि पहिला पुरावा शिरेतच सापडतो. ज्या सेगमेंटची पोर्टल फांदी बंद आहे तो सेगमेंट डिलेड फेज आणि डिफ्यूजनवर पुन्हा बघायला सांगा. डॉपलर करून घेतलात तर थ्रॉम्बसच्या आत धमनीसारखे ठोके मिळतात का तेही कळेल. हे ठरवणं फार महत्त्वाचं आहे, कारण शिरेत ट्यूमर असेल तर टप्पा एकदम बदलतो, आणि साधी गुठळी असेल तर रक्त पातळ करायच्या औषधांचा विचार करायचा असतो.


सीटी_कन्सोल

पाठवताना फिल्म नाही, सीडी किंवा पेन ड्राइव्हवर डायकॉम डेटा (स्कॅनच्या मूळ डिजिटल प्रतिमा) द्या. फिल्मवर निवडक चित्रं असतात, त्यांच्यावर पुन्हा मोजमाप करता येत नाही, खिडकी बदलता येत नाही. सेंटरला "सगळे फेज, पातळ स्लाइससकट" असं सांगून मागा, कारण साठवण वाचवायला पुष्कळ ठिकाणी ५ मिमीचेच ठेवतात आणि पातळ स्लाइस काही दिवसांत पुसले जातात. मिळालेली सीडी पेशंट निघण्याआधी एकदा उघडून बघा, सिरीज मोजा: प्लेन, आर्टेरियल, पोर्टल, डिलेड. आधी टेस (टीएसीई, गाठीच्या धमनीत औषध सोडून ती बंद करणं) झालेलं असेल तर प्लेन सिरीज हवीच, कारण त्यातलं लिपिऑडॉल प्लेनमध्येही पांढरं दिसतं आणि ती नसेल तर उजळलं ते औषध की गाठ हे कुणालाच सांगता येत नाही. जुन्या सोनोग्राफीचे आणि पहिल्या सीटीचे रिपोर्टही सोबत जाऊ द्या, आणि कॉन्ट्रास्टचं नाव, मात्रा, वेग चिठ्ठीवर लिहून द्या.